राखीव गोलकीपरची पंधरा मिनिटं

अमेरिकेहून परत आल्यापासून आमच्या प्रतापनगरातल्या बायका माझ्यावर नाराज आहेत. मी धबधबा पाहिला नाही, पुतळा पाहिला नाही, समुद्र पाहिला तोही विमानाच्या खिडकीतून. "मग तीन आठवडे तू तिथे केलंस तरी काय?" असं त्या विचारतात आणि मी खरं तेच सांगते, की मुलींचे सामने पाहिले आणि पोहे भिजवले. त्यावर त्या एकमेकींकडे बघतात. म्हणून आता सगळं लिहूनच काढते, म्हणजे प्रत्येकीला वेगळं सांगायला नको.

गेले होते शुभाकडे. शुभा आणि मी नागपूरला एका कॉलेजात, एका बाकावर आणि एका हॉकी संघात होतो. ती सेंटर फॉरवर्ड आणि कप्तान, मी राखीव गोलकीपर. पुढे ती लग्न होऊन अमेरिकेला गेली आणि मी शाळेत भूगोल शिकवत राहिले. मिसिसिपी कुठे उगम पावते ते पोरांकडून घोकून घेतलं, पण नकाशाबाहेरची अमेरिका काही पाहणं झालं नाही. शुभाचा नवरा गेल्यापासून तिचा फोनवर एकच धोशा होता, "नले, एकदा येऊन जा ना. रेवाची टीम बघून जा." ह्या वर्षी तिचा आवाज वेगळा लागला, तेव्हा मी तिकीट काढलं.

रेवा ही तिची मुलगी. ती कॉलेजच्या मुलींना लॅक्रॉस शिकवते. हा खेळ आपल्याकडे कोणाला माहीत नाही, म्हणून दोन ओळी: हातात लांब काठी, काठीच्या टोकाला छोटी जाळी, जाळीत रबराचा चेंडू. तो पळता पळता झेलायचा, फेकायचा आणि समोरच्या गोलात मारायचा. तिथल्या मूळ रहिवाशांचा हा खेळ, पुढे गोऱ्यांनी उचलला. आमच्या हॉकीत तासभर धावून एखादा गोल व्हायचा आणि आम्ही आठवडाभर त्यावर बोलायचो. इथे गोलांची खिरापत असते. बारा-तेरा गोल खाल्ले तरी गोलकीपरला कोणी नावं ठेवत नाही. हे ऐकून मी म्हटलं, मी चुकीच्या देशात जन्मले.

अल्फारेटा

शुभाचं घर अटलांटाच्या उत्तरेला अल्फारेटात आहे. एकासारखी एक घरं, आणि संध्याकाळी फिरायला निघालं की दर चौथ्या दारातून फोडणीचा वास येतो. पुणे, हैदराबाद, इंदूर, सगळं नाकाने ओळखता येतं. वाणसामानाच्या दुकानात जाड पोहे, पातळ पोहे, दगडी पोहे असे तीन प्रकार बघून मी शुभाला म्हटलं, आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या दुकानदाराकडे दोनच असतात.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. धुतलेली पांढरी सुती साडी मी मागच्या लाकडी कठड्यावर वाळत घातली. तासाभराने बघते तर साडी पिवळीधम्मक! गाड्या पिवळ्या, रस्ते पिवळे, शेजारच्यांचं कुत्रंसुद्धा पिवळं. एप्रिलमध्ये पाइनच्या झाडांचे परागकण असे उडतात म्हणे. मी शिंकत शिंकत साडी झटकत होते, तेवढ्यात शेजारचा पुण्याचा मुलगा कुंपणापलीकडून म्हणाला, "काकू, इथे बाहेर कपडे ड्राय करणं अलाउड नाहीये. सोसायटीवाले नोटीस पाठवतात." चैत्रातलं हळदीकुंकू असं परस्पर उरकलं.

त्या रात्रीच्या जेवणात शुभाने खरी गोष्ट सांगितली. रेवाच्या कॉलेजाने तिला स्पष्ट कळवलं होतं की संघ ह्या वर्षी लीगच्या बाद फेरीत गेला तर करार वाढवू, नाही तर नवीन कोच बघू. दोन वर्षं संघ थोडक्यात हुकला होता. आता थोडेच सामने उरले होते आणि त्यातला शेवटचा जिंकला तरच बाद फेरी.

"आणि हरली तर?" मी विचारलं.

"तर माझी पोरगी चाळिशी उलटल्यावर पुन्हा नोकरी शोधत फिरेल," शुभा म्हणाली. "भात घे."

डोंगराच्या वाटेने

रेवाचं कॉलेज अल्फारेटाहून तासाभरावर, उत्तरेच्या डोंगरात. शहर संपलं की रस्त्याच्या कडेला माती दिसायला लागते आणि ती लाल असते, कोकणातल्यासारखी. काळ्या मातीत वाढलेली मी, मला राहवेना. गाडी थांबवायला लावून मूठभर हातात घेतली. शुभाने कपाळावर हात मारला. "माती बघायला अमेरिकेत आली बाप्पा ही!"

पुढे एका वळणावर एक म्हातारा मोठ्या पातेल्यात शेंगा उकडत बसला होता. मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा! मला वाटलं होतं ही फक्त आपल्याकडच्या पावसाळ्यातली चैन. त्याने कागदी पेल्यात भरून दिल्या, मी उभ्या उभ्या संपवल्या आणि टरफलं कुठे टाकायची विचारलं. त्याने जमिनीकडे बोट दाखवलं. अमेरिकेत मला मिळालेलं हे पहिलं स्वातंत्र्य.

शेंगा खाता खाता शुभा रेवाबद्दल बोलत होती. रेवा लहान असताना ते मेरीलँडमध्ये राहत. शुभाने नागपूरहून नेलेली हॉकीस्टिक कापून तिच्या हातात दिली होती. पण तिथल्या शाळेत मुली लॅक्रॉस खेळायच्या, म्हणून पोरीने हॉकी सोडून जाळीची काठी धरली. कॉलेजात ती मोठी खेळाडू झाली. मग घरच्यांना वाटलं, आता डॉक्टर किंवा निदान वकील होईल. ती झाली बिनपगारी सहायक कोच. कोणाच्या तरी तळघरात राहायची, संघाचे गणवेश धुवायची, खेळाडूंची गाडी चालवायची. मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, रेवा काय करते? शुभा सांगायची, कॉलेजात शिकवते. काय शिकवते हे कोणी विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

"लाज वाटायची?" मी विचारलं.

"वाटायची ना," शुभा म्हणाली. "मी स्वतः कप्तान होते आणि मला लाज वाटायची. बघ."

मैदान डोंगराच्या कुशीत होतं. बारा वर्षांपूर्वी रेवा इथे मुख्य कोच म्हणून आली, तेव्हा निम्म्या मुलींनी काठी हातात धरली नव्हती. आता पंचवीसेक मुली आखूड स्कर्ट आणि डोळ्यांवर जाळीचे चष्मे घालून वाऱ्यासारख्या पळत होत्या. रेवा उंच, बापासारखी, टोपीतून केसांची शेपटी बाहेर. मला बघून धावत आली आणि भर मैदानात वाकून पाया पडली. मुली बघतच राहिल्या. "नलूमावशी, फायनली!" असं म्हणून तिने मला मिठी मारली आणि दुसऱ्या क्षणी मागे वळून कोणाला तरी अशी हाक मारली की मी दचकले. आमच्या हॉकीच्या सरांचा आवाज तसा होता. चाळीस-पन्नास वर्षांत तो आवाज मी ऐकला नव्हता.

एका टोकाच्या गोलात एक जाडजूड मुलगी उभी होती. बाकीच्या रांगेने येऊन तिच्यावर चेंडू मारत होत्या आणि ती अडवत होती, सुटलेले गोळा करून परत देत होती. तिच्यावर सराव झाला की मुख्य गोलकीपर आली आणि ही बाजूला बसली. मी रेवाला काही विचारलं नाही. मला कळलं होतं.

शुक्रवारचं जेवण

तिचं नाव मेगन. चार वर्षं राखीव. खऱ्या सामन्यात उतरलीच तर शेवटची दोन-चार मिनिटं, तीही निकाल लागून गेल्यावर.

तिच्यामुळे शेवटच्या सामन्याच्या आदल्या रात्री, शुक्रवारी, शुभाच्या जेवणाच्या टेबलावर भांडण पेटलं. तिथे एक प्रथा आहे. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्याला, शिक्षण संपवून जाणाऱ्या मुली आईवडिलांचा हात धरून मैदानात येतात, टाळ्या होतात, फुलं देतात. आणि त्या दिवशी सामन्याची सुरुवात त्याच मुलींनी करायची, मग त्या एरवी खेळोत न खेळोत. नेमका तोच सामना ह्या वर्षी रेवाच्या नोकरीचा सामना होता.

"सुरुवात करू दे ना," शुभा म्हणाली. "एक मिनिट उभी कर, फोटो काढ, अन् काढून घे बाहेर. सगळेच करतात."

"आई, दॅट्स अ फोटो. ते खेळणं नाही," रेवा म्हणाली. "मी तिला पूर्ण पहिला क्वार्टर देणार आहे. पंधरा मिनिटं."

"पंधरा मिनिटांत सहा गोल खाईल ती! तुझी नोकरी जाईल रेवा. काऊन असा हट्ट करून राहिली तू?"

शुभा रागावली की तिचं नागपूर वर येतं. रेवाने वरणाची वाटी फिरवली आणि मग ती माझ्याकडे वळली. "मावशी, तू पण बॅकअप गोलकीपर होतीस ना? तुला कधी खेळायला मिळालं?"

आता ह्या पोरीला काय सांगायचं! पण विचारलं होतं, म्हणून सांगितलं. मुलांच्या कॉलेजातून उसने आणलेले कातडी पॅड मी तीन वर्षं प्रत्येक सामन्याला बांधून बसले. नागपूरच्या उन्हात ते पॅड म्हणजे शेगडी. मध्यंतरात संत्री सोलायचं काम माझं. शेवटचा सामना जबलपूरला होता, आम्ही तीन गोलांनी पुढे, वेळ संपत आलेला. सरांनी बाकाकडे पाहिलं. मी ताडकन उठले, काठी घेतली, पदर नव्हता तरी सवयीने खोचायला हात गेला. सर माझ्या मागच्या इमारतीवरचं घड्याळ बघत होते. मी पुन्हा बसले.

रेवा हसली नाही. "वाईट वाटलं?"

"तेव्हा नाही गं," मी म्हटलं. "तेव्हा आपण जिंकलो म्हणून मीच सगळ्यांत जास्त नाचले. वाईट नंतर वाटायला लागलं. शाळेत मुलं विचारायची, बाई तुम्ही हॉकी खेळायच्या? मी हो म्हणायचे, आणि दर वेळी वाटायचं, आपण खोटं बोललो."

शुभा माझ्याकडे बघत होती. "तू मला कधी बोलली नाहीस," ती म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

"मी कप्तान होते, नले. सरांना म्हणू शकले असते." तिने ताट उचललं, सिंकपाशी गेली आणि पाठ फिरवूनच रेवाला म्हणाली, "तुला जे करायचं ते कर." त्यानंतर बराच वेळ नळ वाहत होता.

शनिवार

सकाळी चारला उठून आम्ही दोघींनी पोहे केले. सामन्यानंतर पालकांनी मैदानाबाहेर टेबलं मांडून खेळाडूंना खाऊ घालायचं अशी तिथली पद्धत. लोक सँडविच, चिकन, बिस्किटं आणतात. शुभा बारा वर्षं तर्री-पोहे नेते आहे. हरभऱ्याची झणझणीत लाल तर्री, वर कांदा, लिंबू. प्रत्येक संघाचे पालक आपापल्या मुलींना वाढतात, पण शुभाचा हिशेब साधा: पाहुणे आधी. ती आलेल्या संघाला पहिल्यांदा बोलावते. सगळ्या लीगमध्ये हे माहीत आहे म्हणे.

आधी फुलांचा कार्यक्रम झाला. मेगनचे आईवडील ओहायोहून रात्रभर गाडी चालवून आले होते. वडील धिप्पाड, टोपी मळकी, हात कुठे ठेवावे ते त्यांना कळत नव्हतं. मेगन हेल्मेट काखेत धरून त्यांच्यामधून चालत आली. भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं, तेव्हा संघातल्या मुलींनी असा काही गलका केला की डोंगरावरून प्रतिध्वनी आला. माझे डोळे भरून आले आणि मी ते परागकणांवर ढकललं.

मग सामना सुरू झाला, आणि मला दरदरून घाम फुटला. पहिला गोल गेला. दुसरा गेला. मी मनात म्हटलं, नलिनीबाई, काय गरज होती जबलपूरची कथा सांगायची? तुमच्या जिभेपायी ह्या पोरीची नोकरी जाते की काय! तिसरा गोल गेला तेव्हा शुभाने माझा दंड पकडला आणि सोडलाच नाही. रेवा मैदानाच्या कडेला हाताची घडी घालून उभी होती. मेगन दर गोलनंतर तिच्याकडे बघायची आणि रेवा फक्त मान हलवायची, राहा म्हणून.

पाचव्या गोलनंतर समोरची एक काटकुळी मुलगी एकटीच सुटून आली. तिने चेंडू खाली मारला, आणि मेगनने पाय आडवा टाकला. चेंडू पोटरीवर आदळून बाहेर उडाला. "अडवला गं बाई, अडवला!" मी बाकावर उभी राहून ओरडले. मेगनच्या वडिलांनी कॉफीचा पेला पुढच्या माणसाच्या पाठीवर सांडला आणि दोघांनीही एकमेकांना मिठी मारली. त्यानंतर तिने आणखी एक अडवला. पंधरा मिनिटं संपली तेव्हा संघ दोन-सहा असा मागे होता. मेगन बाहेर आली, हेल्मेट काढलं, चेहरा टोमॅटोसारखा लाल, आणि ती हसत होती.

मग रेवाच्या मुलींनी जीव तोडून पाठलाग केला. बरोबरी झाली, पुढे गेल्या, पुन्हा मागे पडल्या. शेवटी समोरच फटका मारायची संधी मिळाली, चेंडू खांबाला लागला आणि शिट्टी झाली. बारा-तेरा. एका गोलने हरल्या.

शुभा उठली, टेबलापाशी गेली, पातेल्याचं झाकण काढलं आणि जिंकलेल्या संघाला हाक मारली, "कम गर्ल्स, यू फर्स्ट." त्या मुली लाजत लाजत आल्या. आपल्या मुलीची नोकरी घालवून आलेल्या एकेका मुलीच्या पेल्यात शुभाने पोहे वाढले, वर तर्री घातली, लिंबू पिळलं. तर्री नेहमीपेक्षा अंमळ जास्त पडत होती असं मला वाटलं. मुलींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या पुन्हा मागत होत्या.

मी रेवाला बाजूला घेतलं. "माझं चुकलं गं. मी काल ते बोलायला नको होतं."

"मावशी!" ती हसली. "मेगनला मी बुधवारीच सांगितलं होतं. म्हणून तर तिचे पेरेंट्स आले."

"मग मला विचारलंस कशाला?"

तिने टेबलाकडे पाहिलं. शुभा आता मेगनला पोहे वाढत होती, आणि दुसऱ्या हाताने तिचा गाल कुरवाळत होती. "आईने ऐकायला पाहिजे होतं," रेवा म्हणाली. "माझं ती ऐकत नाही. आणि मला तिने उद्या मेगनला ब्लेम करायला नको होतं."

सोमवार आणि मंगळवार

सोमवारी खेळ विभागाच्या प्रमुखांनी रेवाला बोलावलं, आम्ही दोघी तिच्या कॉलेजातल्या खोलीत थांबलो. अर्ध्या तासात ती परत आली आणि किल्ली खुंटीला अडकवत म्हणाली, "नाही म्हणाले. वेरी पोलाइटली." आम्ही तिघींनी खोक्यांत ती खोली भरली. काठ्या, संघांचे फोटो, वाळलेली फुलं. रेवा विनोद करत होती. शुभाने तिच्याकडे बघून मला खुणेने सांगितलं, काही विचारू नको.

मंगळवारी माझं परतीचं विमान होतं. शुभाला विमानतळावरचे निरोप सोसत नाहीत, म्हणून ती दारातूनच परतली. तिने माझ्या हातावर दही घातलं आणि पुन्हा ये म्हणाली. आमच्या वयात हे वाक्य म्हणायला हिंमत लागते. रेवा गाडी चालवत होती. अर्ध्या वाटेवर तिचा फोन वाजला. नाव बघून तिने गाडी एका पेट्रोल पंपावर घेतली.

फोनवर एक शाळकरी मुलगी होती. रेवाने तिला पुढच्या वर्षासाठी निवडलं होतं आणि बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं, फक्त रेवाचं ऐकू येत होतं. हो, खरं आहे. नाही, मी तिथे नसेन. मग ती थांबली, ऐकत राहिली, आणि म्हणाली, "नो, स्वीटी. यू शुड स्टिल गो." त्यानंतर कितीतरी वेळ ती त्या मुलीला कॉलेज किती छान आहे ते सांगत होती. मैदान कसं डोंगरात आहे, जुन्या मुली कशा नव्यांना सांभाळून घेतात, प्राध्यापक कसे चांगले आहेत, नवीन कोच येईल तीही चांगलीच असेल. ज्या कॉलेजाने आदल्या दिवशी तिला घरी पाठवलं, त्याचं ती कौतुक करत होती, आणि त्यातलं एकही वाक्य खोटं वाटत नव्हतं. डाव्या हाताचा सराव सोडू नको, असं शेवटी तिने बजावलं आणि फोन ठेवला.

मग तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी सुरू केली नाही.

"मावशी, ही नाइन्थ ग्रेडमध्ये होती तेव्हापासून मी हिला बघतेय," ती म्हणाली. "शी इज सो गुड. आणि मी तिला एक दिवस पण शिकवणार नाही."

सामना हरल्यावर ती रडली नव्हती, सोमवारी खोकी भरताना रडली नव्हती. आता त्या पेट्रोल पंपावर, स्टिअरिंगवर डोकं टेकून, ती लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जरा वेळाने तिने बाहीने नाक पुसलं आणि घड्याळाकडे पाहिलं.

"ओ गॉड. तुझी फ्लाइट मिस होईल."

"होऊ दे," मी म्हटलं. "तू रडून घे आधी."